कानबाईचा रोट आणि तपकिरी रक्त

लग्नकार्यात चहाचा ट्रे घेऊन मी फिरायला लागले की अजूनही एखादा पाहुणा कप उचलण्याआधी माझ्या तोंडाकडे बघतो. मग हसून विचारतो, "काय ताई, तपासलाय ना?" मीही हसते. सुरतेच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, विषतपासणीच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे डिंडोलीपासून पांडेसऱ्यापर्यंत आमच्या लोकांत माझं नाव 'विषवाली ताई' पडलं ते पडलंच. बायका माझी ओळख करून देताना 'ही लॅबमध्ये असते' असं मोठ्यानं सांगायच्या आणि 'विषाच्या' हा शब्द आवाज खाली आणून जोडायच्या.

लोकांना वाटतं, आमच्याकडे एक यंत्र असतं. इकडून रक्त घातलं की तिकडून विषाचं नाव छापलेला कागद बाहेर येतो. तसं असतं तर मी इतकी भित्री झालेच नसते. खरी गोष्ट अशी की काय शोधायचं ते ठाऊक नसेल, तर बहुतेक वेळा काही सापडत नाही. पेशंट बेशुद्ध असतो, नातेवाईक 'काही घेतलेलं नाही' म्हणून शपथा खात असतात आणि हातात असतं थोडंसं रक्त. एक तपासणी केली की रक्त तेवढं कमी होतं. चुकीचं विष शोधत बसलं तर बरोबर विष शोधायला रक्तच उरत नाही. त्या थोड्याशा रक्ताकडे बघत मी किती वेळा घाबरले असेन, त्याला हिशेब नाही.

गिऱ्हाइकंही एकेक होती. एक कापडदलाल घरचा चहा थर्मासात भरून आणायचा. बायको त्यात काही घालते असा त्याला संशय. तपासून तपासून मी थकले, चहात साखरेशिवाय काही निघेना. शेवटी मी त्याला म्हटलं, "भाई, एवढी साखर खाऊन मात्र नक्की मराल." तो त्या दिवशी खुशीत घरी गेला. दुसरे एक काका मेलेला पोपट रुमालात गुंडाळून घेऊन आले आणि हुंदके देत म्हणाले, आधी मिरची तपासा. मिरचीवर फवारणीचं औषध खरोखरच निघालं. काकांनी ती मिरची स्वतःही खाल्ली होती, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आमच्याकडे मोठं यंत्र आलं. मास स्पेक्ट्रोमीटर. एका कापडवाल्या कुटुंबानं वडिलांच्या स्मरणार्थ दिलं होतं. उद्घाटनाला त्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, आणि कोणी तरी नारळ फोडायला पुढे झालं तेव्हा कंपनीचा इंजिनिअर अक्षरशः आडवा पडला. हे यंत्र काय करतं, ते मी घरी सासूबाईंना असं समजावलं होतं: समजा, अंधारात कुणी तरी बरणी फोडली. तुकडे गोळा करून प्रत्येकाचं वजन केलं, तर बरणी कुठली होती ते सांगता येईल. यंत्र तेच करतं. नमुन्याची आधी तापवून वाफ करायची, मग त्यातल्या एकेका पदार्थाचे तुकडे उडवायचे आणि तुकड्यांच्या वजनावरून पदार्थ ओळखायचा. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे ज्याची वाफच होत नाही त्याचं काय?" मी हसण्यावारी नेलं. ते मला पुढे फार महागात पडायचं होतं.

आता कानबाईबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय ही हकिगत कळणार नाही. आम्ही मूळचे खानदेशातले. माझे वडील गिरणीत कामाला म्हणून सुरतेला आले आणि आमचं घर डिंडोलीचं झालं. पुढे माझा भाऊही गिरणीच्या रंगखात्यात लागला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत तिचं विसर्जन होतं. तिचा प्रसाद म्हणजे रोट. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे आणि त्या पिठाच्या पोळ्या करायच्या. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत ते पीठ संपवायचं. म्हणून कानबाई गेल्यावरही दोन-चार दिवस घरात रोटच चालू असतात.

लेकीचं लग्न झालं की तिला रोट बंद. ती परक्या घरची झाली. माझं सासर साताऱ्याकडचं, तिकडे कानबाई नाही. म्हणजे माझा रोट माहेरी सुटला आणि सासरी मिळाला नाही. दर श्रावणात मी डिंडोलीला जायची, फुगडी खेळायची, गाणी म्हणायची, आणि पंगत बसली की माझ्या पानात वेगळा शिजवलेला भात यायचा. एम.एस्सी. झालेली बाई, पण तो भात मी दर वर्षी डोळ्यांतलं पाणी लपवत खायची. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षीही रविवारी मी भात खाऊन आले. सोमवारी नेहमीसारखी लॅबमध्ये होते. दुपारनंतर खालून फोन आला, कॅज्युअल्टीत एकाच घरचे पुष्कळ पेशंट आलेत, सगळे निळे पडलेत, लवकर या. मी हातमोजे खिशात कोंबत खाली गेले, आणि पहिल्याच खाटेवर माझा भाऊ सुभाष होता.

त्याच्या पलीकडे चुलतभाऊ, त्याची बायको, त्यांची मुलं. कोपऱ्यातल्या खाटेवर सुभाषची मुलगी मनी. नुकती शाळेत जायला लागलेली, दोन वेण्या, समोरचे दात पडलेले. तिचे ओठ जांभळासारखे झाले होते. नाकाला ऑक्सिजन लावलेला, पण त्याचा काही उपयोग होत नव्हता. मला बघून ती म्हणाली, "आत्या, मने तरस लागी छे." घाबरली की ती शाळेतलं गुजराती बोलायची. मी पाणी दिलं नाही, वहिनीला द्यायला सांगितलं, कारण माझ्या हातातून भांडं पडलं असतं.

आमचे फिजिशियन डॉक्टर देसाई मनीचं रक्त काढत होते. शांत माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. सिरिंज त्यांनी उजेडात धरली आणि मला दाखवली. रक्त तपकिरी होतं. कोकोच्या पाण्यासारखं.

मी गाळणकागद घेतला. मनीच्या रक्ताचा एक थेंब त्यावर टाकला. शेजारी तुलनेसाठी चांगल्या माणसाचा थेंब लागतो, म्हणून स्वतःच्या बोटाला सुई टोचून माझा टाकला. मग कागद हवेत हलवत राहिले. माझा थेंब हवा लागून लालभडक झाला. मनीचा तपकिरी तो तपकिरीच. म्हणजे तिच्या रक्तातला, प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थच बिघडला होता. छातीत हवा जात होती, पण रक्त ती घेत नव्हतं. एकामागून एक मी सगळ्यांचे थेंब टाकले. त्या कागदावर माझ्या घरच्यांच्या रक्ताची तपकिरी रांग लागली आणि टोकाला माझा एकटीचा लाल ठिपका. तेव्हा त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही.

अशा रक्तावरचं औषध निळं असतं. मिथिलीन ब्लू, म्हणजे खरं तर एक रंगच. निळ्या पडलेल्या पोरीच्या शिरेत निळीसारखं औषध जाताना बघून वहिनी किंचाळली. पण थोड्या वेळात मनीच्या ओठांवर गुलाबी रंग आला. संध्याकाळपर्यंत सगळे उठून बसले, आणि लघवी हिरवी-निळी होते म्हणून पोरं एकमेकांना हसायला लागली. त्या हसण्यानं मला रडू आलं.

पण आता माझं काम सुरू झालं होतं. हे आलं कुठून?

"काय खाल्लं होतं?" मी सुभाषला विचारलं.

"रोजचंच," तो म्हणाला आणि मान दुसरीकडे वळवली. "पाण्याले वास येत व्हता, ताई."

पाणी ऐकल्यावर डॉक्टर देसाई आणि मी एकमेकांकडे बघितलं. बमरोली-पांडेसऱ्याच्या बाजूला रंगाच्या कारखान्यांचं पाणी जमिनीत मुरायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रंगाच्या धंद्यातल्या काही रसायनांनी रक्त असंच तपकिरी होतं. तसलं काही बोअरिंगमध्ये उतरलं असेल तर हा एका घराचा प्रश्न नव्हता. सगळी डिंडोली तेच पाणी पीत होती.

रोटाचं नाव माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं आणि लगेच गेलं. रविवारी त्याच पिठाचे रोट सगळ्यांनी खाल्ले होते, कुणाला काही झालं नव्हतं. शिवाय आमच्याकडे रोटाबद्दल कुणी बोलत नाही आणि विचारतही नाही.

मंगळवारी मी घरातलं पाणी, दूध, तेल, जे जे आणून दिलं ते ते तपासलं. पाणी स्वच्छ निघालं. शेजारच्या बोअरिंगचंही स्वच्छ. मोठ्या यंत्रात सगळ्यांचं रक्त घातलं. रंगधंद्यातली मला ठाऊक असलेली सगळी रसायनं शोधली. पडद्यावर विषाची एकही रेघ उठली नाही. साहेब लोक मागे उभे राहून विचारत होते, "एवढं भारी मशीन आहे, काहीच सांगत नाही?" पंपाची घरघर ऐकत मी पडद्याकडे बघत बसले. विष सापडतं तेव्हा भीती वाटतेच, पण समोर निळी पडलेली माणसं आणि पडद्यावर काहीच नाही, यासारखी भीती नाही. निदान माणसं बरी होत होती, एवढाच आधार.

बुधवारी दुपारी तो आधारही गेला. मुलांच्या वॉर्डातून निरोप आला, मनी परत निळी पडली.

मी पोचले तेव्हा ती डोळे अर्धवट मिटून पडली होती. श्वास जोरजोरात. हाक मारली तर ओठ हलत, आवाज नाही. डॉक्टर देसाई खाटेच्या पायथ्याशी उभे होते. हातात निळ्या औषधाची भरलेली सिरिंज होती, पण ते ती टोचत नव्हते. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बेन, मने एक ज वात कहो. आ झेर नवुं छे के जूनुं?"

विष नवं आहे की जुनंच? या प्रश्नाचा अर्थ मला पुरता कळला. मिथिलीन ब्लू हे दुधारी औषध आहे. बेतानं दिलं तर रक्त लाल करतं, जास्त झालं तर तेच रक्त तपकिरी करतं. काही माणसांना तर ते मुळातच सोसत नाही. मनीच्या पोटात नवं विष गेलं असेल तर तिला औषध लगेच हवं होतं. आणि ती औषधानंच बिघडली असेल, तर पुढचं इंजेक्शन तिला मारणार होतं. वॉर्डात, आमच्या नजरेसमोर असलेल्या पोरीच्या पोटात नवं विष येणार कुठून? म्हणून डॉक्टरांचा हात थांबला होता. "थोडी वार राह जोईश," ते म्हणाले. थोडा वेळ वाट बघतो. तो थोडा वेळ फार थोडा आहे, हे दोघांनाही दिसत होतं.

रक्त घ्यायला मी मनीजवळ वाकले. आणि मला तुपाचा वास आला.

दवाखान्यातल्या जेवणाला तुपाचा वास येत नाही. मी खाटेखाली बघितलं. वहिनीनं पटकन पदर ओढून काही तरी झाकलं. झाकलेला तो पितळी डबा मी लहानपणापासून ओळखत होते. देवघरातला डबा, कानबाईशिवाय कधी न निघणारा. भिंतीशी माय बसली होती, हात जोडून, डोळे मिटून, तोंडानं काही पुटपुटत.

"माय, मनीला काय दिलंस?"

मायनं डोळे उघडले नाहीत. वहिनीच रडत म्हणाली, "सोमवारले पोरनी आर्धा रोट ताटमा ठेई दिधा व्हता. माय म्हने, म्हनीसनच कानबाई रागावनी. तोच पुरा कराले लावा."

अर्धा रोट ताटात टाकला म्हणून देवी कोपली, म्हणून पोर निळी पडली, म्हणून पोरीला रोट पुरा खायला लावायचा. मायच्या हिशेबानं औषध तेच होतं. आम्ही शिरेतून देत होतो, ती तोंडातून देत होती.

"माय, तो डबा मला दे. मला तो तपासायचाय."

आता मायनं डोळे उघडले. "रोटले नावं ठेवू नको, सुली. देवीना प्रसाद शे. त्यामा विष ऱ्हास का?"

"नसेल तर तसं कळेल. एक तुकडा दे."

"तुले रोट देता येत नही. तू परका घरनी."

इतकी वर्षं भाताबरोबर गिळलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी डबा हिसकावून घेऊ शकले असते. वॉर्डबॉय होते, डॉक्टर होते. पण खरं सांगते, मलाही भीती वाटली. मी रोज विषाशी खेळणारी बाई, आणि त्या डब्याला हात लावायला माझा हात पुढे होईना. पोरगी खाटेवर धापा टाकते आहे आणि मी डबा हिसकावला, आणि त्यानंतर तिचं काही बरं-वाईट झालं तर? माय मरेपर्यंत म्हणाली असती, सुलीनं रोट बाटवला म्हणून मनी गेली. आणि कोण जाणे, मीही तसंच मानलं असतं.

मायनं डबा छातीशी धरला होता. तेव्हा मला तिची बोटं दिसली. नखं निळसर, शिशासारखी. तिनंही नातीबरोबर घास खाल्ला होता.

त्या नखांनी मला भानावर आणलं. मी मायसमोर फरशीवर बसले. "माय, मी हात लावत नाही. सुभाष लावेल. तो तर भाऊबंदातला आहे ना? त्यानं स्वतःच्या हातानं तुकडा माझ्या नळीत टाकायचा. उरलेलं त्यानंच परत डब्यात ठेवायचं. माझं बोटही लागणार नाही."

मायनं मनीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बोलाव त्याले."

सुभाष पुरुषांच्या वॉर्डात होता. तिथे दुपारी बायकांना सोडत नसत, म्हणून त्याच्यापर्यंत रोट पोचलाच नव्हता. तो धावतच आला, दंडाला सलाईनची पट्टी तशीच. माय त्याच्या हातात डबा देत म्हणाली, "तुनाच हातथीन टाकजो. हिना हात लागाले नको."

लॅबमध्ये मी मोठ्या यंत्राकडे वळलेच नाही. सासूबाईंचा प्रश्न मला आठवला होता: ज्याची वाफच होत नाही त्याचं काय? मिठाची वाफ होत नाही. मीठ, क्षार, खडे, अशा गोष्टींपुढे ते लाखमोलाचं यंत्र आंधळं आहे. रंगखात्यात मिठासारखा दिसणारा, मिठासारखाच खारट लागणारा एक क्षार असतो, सोडियम नायट्राइट. पाण्यात मी तो शोधला होता आणि मिळाला नव्हता. जी वस्तू माझ्या टेबलावर आलीच नव्हती, तीत शोधणार कशी?

सुभाषनं रोटाचा तुकडा मोडला आणि नळीतल्या पाण्यात टाकला. मी नळी हलवली, पाणी गाळून घेतलं. मग साध्या बाटलीतलं एक जुनं औषध ड्रॉपरनं वरून सोडलं. या तपासणीला यंत्र लागत नाही. नुसते डोळे लागतात.

पाणी गुलाबी झालं. बघता बघता लाल. मग कुंकवासारखं गडद.

मी काही बोलायच्या आधी सुभाष मागे सरकला आणि स्टुलावर बसला. "ताई," तो म्हणाला, "हाऊ तर आमना खाताना लाल रंग शे."

खरंच होतं. सुती कापडावर लाल रंग चढवताना त्याच्या खात्यात हाच क्षार वापरायचे, आणि माझ्या नळीत जे झालं तेच तिथे हौदात व्हायचं. रंगायला साधं मीठही लागतं. त्याच्या गोण्याही तिथेच. खात्यातले लोक घरच्यापुरतं मीठ पिशवीत भरून आणायचे, सगळेच आणायचे. रविवारी घरातलं मीठ संपलं. सोमवारी मायनं सुभाषनं आणलेली नवी पिशवी फोडली. ती आणि वहिनी वाढत होत्या, म्हणून त्या दिवशी त्यांचं जेवण राहिलं होतं.

"मीठ मीच लई उनू," तो म्हणाला. "गोनी उघडी व्हती. मी वाकीसन भरं. देखं बी नही." ते बोलून झाल्यावर तो मोठ्यानं रडला नाही, नुसता नळीकडे बघत राहिला. 'रोजचंच' म्हणताना त्यानं मान का वळवली होती, ते मला आता कळलं. गिरणीतून काही घरी नेलं हे कळलं तर नोकरी गेली असती.

त्याला धीर द्यायला मला वेळ नव्हता. नळी हातात घेऊन मी जिने उतरले. धावताना ती पडेल ही भीती, उशीर होईल ही भीती, आणि आपण चुकलो असलो तर ही सगळ्यात मोठी भीती. डॉक्टर देसाई तसेच उभे होते. मी नळी त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, "नवुं छे."

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. सुई शिरेत गेली.

आम्ही दोघं मनीच्या ओठांकडे बघत राहिलो. मायनं माझा हात कधी धरला ते मला कळलंच नाही. तिची ती निळी नखं माझ्या मनगटात रुतली होती. बऱ्याच वेळानं मनीच्या खालच्या ओठाच्या कडेला रंग आला, मग वरच्या. तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं, मराठीत. डॉक्टर खिडकीशी गेले आणि चष्मा पुसत बसले. मग मायलाही औषध दिलं. ती नाही म्हणाली नाही.

संध्याकाळी मी चुलतभावाला घेऊन डिंडोलीला गेले. मिठाची पिशवी शेजारीपाजारी वाटली गेली नव्हती, ही मोठी कृपा. उरलेले रोट आणि पीठ चुलतभावानं स्वतः तापीत सोडलं, मायच्या परवानगीनं. ते न संपवता सोडायची आमच्या घरातली ती पहिली वेळ. सुभाषनं गिरणी सोडली आणि भाजीची गाडी लावली. पानावर वरून मीठ घेताना मी त्याला पुन्हा कधी बघितलं नाही. भाजी अळणी असली तरी तो तशीच खायचा, आणि कुणी मीठ पुढे केलं तर ताटावर हात आडवा धरायचा. ते मला अजूनही सलतं.

त्या बुधवारी घरी परतताना मला गाळणकागदावरची रांग आठवली. सगळ्या घराचं रक्त तपकिरी, माझं एकटीचं लाल. मला रोट चालत असता, तर सोमवारी विसर्जनानंतरच्या पंगतीला मीही तिथेच बसले असते. ज्या भातानं मला दर वर्षी रडवलं, त्यानंच मला शुद्धीत, पायांवर, लॅबमध्ये ठेवलं होतं. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. मला मात्र बसमध्ये हुडहुडी भरली.

पुढच्या श्रावणात मायचा निरोप आला: रोटाचं पीठ भिजवायच्या आधी ये, आणि येताना मीठ घेऊन ये. मी म्हटलं, माझ्या घरचं मीठ रोटात कसं चालेल, मी तर परक्या घरची. माय म्हणाली, "मीठ बजारनं शे. ते काय भाऊबंदकीमा ऱ्हास?" मी लॅबमधून नळी आणि ती बाटली पर्समध्ये घालून नेली. मायच्या चुलीसमोर चिमूटभर मीठ पाण्यात टाकलं आणि वरून थेंब सोडले. माय खाली वाकून बघत होती. "लाल नही व्हयनं ना?" पाणी पाण्यासारखंच राहिलं. तेव्हा तिनं परात माझ्याकडे सरकवली.

तो मग घराचा रिवाजच झाला. माय गेली, वहिनी कानबाई बसवू लागली, मी निवृत्त झाले, तरी दर वर्षी रोटाचं मीठ माझ्याकडून जातं, आणि त्याआधी ते नळीत तपासलं जातं. दुकानातल्या बंद पुडीतलं मीठ तपासायला काय झालं, असं म्हणून माझे जावई हसतात. हसोत. थेंब पाण्यात पडतो तेव्हा दर वर्षी मी नळी उजेडाकडे धरून बघते.

मनीचं लग्न झालं, त्यानंतरच्या पहिल्या श्रावणात ती डिंडोलीला आली. तिचं सासर नवसारीचं, तिलाही आता रोट बंद. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो, दोघीही परक्या घरच्या. मी नळीत थेंब टाकला. पाणी स्वच्छ राहिलं. मनी ते बघत होती. मग एकदम म्हणाली, "आत्या, तेव्हा तो रोट फार खारट होता गं. सोमवारी मी म्हणूनच अर्धा टाकला. दवाखान्यात तर तोंडात धरवेना."

"मग बोलली का नाहीस?"

"आजी भरवत होती ना. तिला वाईट वाटलं असतं."

बाहेरून वहिनीनं हाक दिली, "व्हयनं का वं?" मी मिठाचा डबा उचलला, पण मीठ परातीबाहेर सांडलं. मनीनं डबा माझ्या हातातून घेतला. बोटावर मीठ घेऊन आधी स्वतःच्या जिभेला लावलं, थोडा वेळ थांबली, आणि मग पिठात टाकलं.